माणिकराव पतंगे यांची सर्वोत्तम फेरी

कळमनुरीच्या माणिकराव पतंग्यांनी अठरा वर्षांत हजाराच्या वर माणसं गाडी चालवायला शिकवली, आणि त्यांतल्या एकालाही चौथा गियर टाकू दिला नाही. चौथ्या गियरला त्यांचा तात्त्विक विरोध होता. "पहिला उठायला, दुसरा चालायला, तिसरा पोचायला," असं ते शिकाऊ माणसाला सांगत. "चौथा कशाला लागतो? वर जायला." 'पतंगे मोटार ड्रायव्हिंग स्कूल'च्या पांढऱ्या मारुतीच्या पाठीवर त्यांनी तांबड्या अक्षरांत 'कडेनं चला, हॉर्न द्या, घरी पोचा' असं रंगवून घेतलं होतं. त्या गाडीला सायकलवाले ओलांडून जात, क्वचित एखादी म्हैसही ओलांडून जाई. पण माणिकरावांच्या कपाळावर कधी आठी पडली नाही.

अशा माणसाच्या घरात दोन हजार तीनच्या दिवाळीत कॉम्प्युटर आला. शिकाऊ लायसनचे अर्ज हातानं भरून भरून बोटाला घट्टा पडला होता, हे त्याचं कारण. दुकानदारानं गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून त्यात गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ भरून दिला होता. माणिकरावांनी पंधरा दिवस तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाहुणे आले नसते तर जन्मात पाहिलं नसतं.

पाहुणे म्हणजे साडू. साडू हे नातंच अवघड. भाऊ असला तर त्याच्याशी भांडता येतं, मित्र असला तर तोडता येतो. साडूशी आयुष्यभर नुसती बरोबरी करावी लागते. माणिकरावांचे साडू बालाजी वसमतला विमा विकत. बोलण्यात पटाईत, चालण्यात चपळ, आणि कॉम्प्युटर माणिकरावांच्या आधी दीड वर्ष घेतलेला. दिवाळीनंतर दोन आठवड्यांनी एका रविवारी ते बायकोला, म्हणजे मिनाला, घेऊन आले. चहाचा कप हातात असतानाच त्यांनी तो खेळ शोधून काढला, घाटातला रस्ता निवडला, आणि एका तांबड्या गाडीतून त्या घाटाला एक मिनिट बेचाळीस सेकंदांत फेरी मारून आले. कपातला चहा अजून गरम होता.

"बसा की साडूभाऊ," ते खुर्ची रिकामी करत म्हणाले. "तुमचा तर धंदाच हाये हा."

माणिकराव बसले. त्यांनी आधी खुर्ची पुढेमागे करून घेतली. आरसा कुठे आहे म्हणून विचारलं. मग हिरवा दिवा लागला, बाकीच्या सात गाड्या धुरळा उडवून दिसेनाशा झाल्या, आणि सगळे गेले याची खात्री करून घेऊन माणिकरावांनी आपली गाडी डाव्या कडेनं काढली. हॉर्नचं बटन कोणतं ते त्यांनी विचारून घेतलं होतं. त्या घाटाला बावीस वळणं होती. त्यांनी बावीस वेळा हॉर्न दिला. खाली एक रेल्वेचं फाटक होतं. फाटक सताड उघडं होतं. तरी तिथं ते थांबले, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, मग निघाले. शर्यत संपवून परत आलेल्या दोन गाड्या त्यांना समोरून भेटल्या. त्यांनाही त्यांनी वाट दिली.

तीन मिनिटं अकरा सेकंद.

बालाजी हसले नाहीत. हसले असते तर परवडलं असतं. त्यांनी पुढे वाकून दोन बटनं दाबली आणि खिशातून एक फ्लॉपी काढली.

"हे काय करून राहिले?" माणिकरावांनी विचारलं.

"जतन करून राहिलो. रिप्ले म्हणतेत ह्याला. तुमी जशी चालवली बराबर तशीच फेरी आता कधीबी पाहता येते. एक तुमच्या मशीनमधी ठेवली, एक वसमतला घेऊन जातो. तुमच्या साळीला आवडली."

"मला कशाला मधी ओढता?" मिना म्हणाली, पण तिचा पदर तोंडावर होता, त्यावरून काय समजायचं ते माणिकराव समजले.

पुढच्या गुरुवारी वसमतच्या गाडीतून उतरलेला एक अनोळखी गृहस्थ स्टँडवर त्यांच्याजवळ आला, त्यांना नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "फाटकापाशी थांबले ते तुमीच का?"

त्या दिवशी माणिकरावांना जेवण गेलं नाही. अठरा वर्षांत त्यांच्या गाडीनं कुणाच्या कोंबडीला धक्का दिला नव्हता, आणि वसमत तालुक्यात त्यांची ओळख 'फाटकापाशी थांबणारा' अशी झाली होती! खरं तर ही ओळख एखाद्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानं छातीवर मिरवावी अशी. पण अपमान झालेल्या माणसाला असलं काही सुचत नाही. ताटावरून उठता उठता ते बायकोला, साधनाला, म्हणाले, "एक मिनिट एकेचाळीस. मी ही फेरी एक मिनिट एकेचाळीसमधी करीन अन् तिचा रिप्ले वसमतला धाडीन."

"आधी भाकर खा," साधना म्हणाली.

सरावाला सकाळी साडेपाच ते सात ही वेळ ठरली, कारण सातला पहिला शिकाऊ येई. पहिल्या आठवड्यात तीन-अकराचं तीन-दोन झालं. कारण शोधता शोधता माणिकराव खुर्चीपाशी आले. लाकडी खुर्चीवर गाडी चालवल्यासारखं वाटतच नव्हतं. म्हणून त्यांनी मोडीत काढलेल्या जीपची सीट भंगारातून आणली आणि बैठकीत कॉम्प्युटरपुढे मांडली. सीट बुटकी निघाली, म्हणून खाली विटा रचल्या, तरी पुरेना. टेबल कापावं लागलं. टेबल जास्त कापलं गेलं. मग सीटखालच्या विटा काढाव्या लागल्या. हे सुताराचं काम दोन दिवस चाललं आणि गल्लीत बातमी झाली, की पतंगे आता घरात बसून गाडी शिकवणार आहेत.

पहिले आले शेजारचे किसनसिंग. साखऱ्याकडच्या तांड्यावरचा हा माणूस. तीस वर्षं ट्रक चालवून आता मुलाकडे कळमनुरीत राहायला आलेला. त्यांनी सीट हातानं दाबून पाहिली, पडद्यावरचा घाट डोळे बारीक करून पाहिला आणि विचारलं, "माल काय भरला?"

"माल न्हाई, किसनभाऊ. रिकामी हाये."

"रिकामी गाडी उडते. थोडा माल भर," किसनसिंग म्हणाले. खेळात माल भरता येत नाही हे त्यांना पटवायला अर्धा तास गेला. जाताना त्यांनी मॉनिटरला लिंबू-मिरची बांधायला सांगितली. लिंबू नेमकं शेवटच्या वळणावर लोंबकळू लागलं, म्हणून ते दुसऱ्या दिवशी काढलं. पण काढल्याचं किसनसिंगांना कळू नये म्हणून ते आले की परत बांधावं लागे.

खरी मदत झाली ती रणजीतची. रणजीतचं स्टँडसमोर इंटरनेटचं दुकान होतं आणि अशा खेळांत त्याचा हात कुणी धरू शकत नसे. त्यानं सांगितलं, "सर, नुसतं चालवून काय होणार? स्वतःचा रिप्ले पाहा. कुठं वेळ जातो ते पाहा. बाकी सगळे तेच करतात."

स्वतःचा रिप्ले पाहणं ही फार हिमतीची गोष्ट आहे. आपला आवाज रेकॉर्डवर ऐकणारा माणूस जसा कासावीस होतो, तसे माणिकराव आपली गाडी पाहून झाले. ते मशीनमध्ये राहिलेली ती तीन-अकराची पहिली फेरी लावत, मग कालची लावत, आणि साधना वही घेऊन बाजूला बसे. तिला खेळात रस नव्हता. पण नवरा कुठे चुकतो हे बघायला मिळत असेल तर कोणती बायको उठून जाईल? चौथ्या दिवशी तिनंच ते पकडलं.

"तुमी वळणात गेल्यावर ब्रेक मारता. म्हणून गाडी वाकडी व्हते, मंग तुमी ती सरळ करत बसता. अन् वळणाच्या आधी ती पिवळी पाटी हाये की न्हाई, तिथं मारून पाहा. आत शिरताना ब्रेकवरून पाय काढा."

"पाय कुठं हाये इथं? बोट हाये."

"मंग बोट काढा."

पिवळ्या पाटीपाशी ब्रेक मारल्यानं एका फेरीत अकरा सेकंद वाचले. पुढचा धडा मात्र जड गेला. रणजीत म्हणत होता, वळणाला बाहेरून आत घुसायचं, आतल्या कडेला चाक लावायचं आणि पुन्हा बाहेर निघायचं. याचा अर्थ रस्त्याची उजवी बाजू वापरायची. पहिल्यांदा तसं केलं तेव्हा माणिकरावांनी डोळे मिटून घेतले. मिटल्यामुळे गाडी दरीत गेली.

याच दिवसांत समोरच्या घरचे संतराम गुरुजी पेपर मागायला आले. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. आणि निवृत्त मुख्याध्यापक म्हटल्यावर कोणत्या ना कोणत्या समितीवर असणारच. ते जिल्ह्याच्या एका रस्ता सुरक्षा प्रचार समितीवर होते. ते आले तेव्हा पडद्यावर नेमकी पहिली फेरी चालू होती. गुरुजी उभ्याउभ्याच बघत राहिले. हॉर्न. कड. पुन्हा हॉर्न. गाडी फाटकापाशी थांबली तेव्हा गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

"माणिकराव, ही शिस्त! ही आपण जानेवारीत सुरक्षा सप्ताहात दाखवायची. हिंगोलीला, मोठ्या पडद्यावर. परिवहन खात्याचे साहेब स्वतः येणार आहेत."

माणिकरावांच्या मनात एकदम उजेड पडला. ड्रायव्हिंग स्कूलचा परवाना मार्चमध्ये नवा करून घ्यायचा होता आणि त्यावर याच साहेबांची सही लागणार होती. ज्या फेरीनं वसमतमध्ये नाक गेलं तीच हिंगोलीत नाक वर करणार असेल, तर दोन्ही फेऱ्या आपल्याच! एक सभ्यपणाची, एक जिद्दीची. ते लगेच हो म्हणाले.

समितीच्या कारकुनाचं पत्र आठ दिवसांनी आलं. 'सदर चित्रफितीत दिसणाऱ्या वाहनाचा नोंदणी क्रमांक कळवून विमा व धूर तपासणीचे प्रमाणपत्र जोडावे.' माणिकराव पत्र घेऊन हिंगोलीला गेले आणि ही गाडी खरी नाही असं सांगू लागले. कारकून शांतपणे म्हणाला, "खरी नसली तरी लाल आहे ना? पडद्यावर दिसते ना? दिसणाऱ्या गाडीला नंबर लागतो." दोन खेपा झाल्या. शेवटी माणिकरावांनी 'वाहन काल्पनिक असून धूर सोडत नाही' असं प्रतिज्ञापत्र करून दिलं. त्यावर सही करताना वकिलानं दोनदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

इकडे घाटातली फेरी डिसेंबर संपता संपता एक-पन्नासवर आली होती. माणसाला एखादी विद्या साधू लागली की ती फक्त ठरलेल्या वेळी येत नाही, कुठंही उगवते. गोजरबाई नावाच्या अंगणवाडीच्या एक सुपरवायझर तेव्हा त्यांच्याकडे शिकत होत्या. बाई धीट, पण सांगितलं तेवढंच करणाऱ्या. डोंगरकड्याच्या रस्त्यावर एक मोठं वळण आलं, तोंडाशी सावधानतेची पिवळी पाटी, आणि माणिकरावांच्या तोंडून निघून गेलं, "पाटीपाशी ब्रेक! सोडा! आता आत घ्या, आत, पार आतल्या कडेला!"

गोजरबाईंनी घेतलं. आतल्या कडेला एका शेतकऱ्यानं सडकेवर तूर पसरून ठेवली होती; येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांखाली ती आयती मळून निघते म्हणून. मारुती त्या ढिगात एखाद्या म्हशीनं डबक्यात शिरावं तशी शिरली आणि काचेवर शेंगांचा पाऊस पडला. माणिकरावांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला तेव्हा बॉनेटपर्यंत तूर होती. शेतकरी काठी घेऊन धावत आला. माणिकराव हात जोडतच खाली उतरले.

शेतकऱ्यानं काठीनं चाकाखालची तूर उलथून पाहिली. दाणा स्वच्छ मोकळा झाला होता.

"बाई," तो खिडकीत वाकून म्हणाला, "काही तकलीफ नसंल तर अजून एक डाव काढा की."

गोजरबाईंनी सहा डाव काढले. त्यांची मागे घ्यायची भीती त्या दिवशी कायमची गेली. माणिकराव मात्र मैलाच्या दगडावर बसून राहिले. आपण काय बोललो? खऱ्या रस्त्यावर, खऱ्या बाईला, आत घ्या म्हणालो? त्यांनी घरी येऊन साधनाला सगळं सांगितलं आणि खेळ बंद करतो म्हणून शपथ घ्यायला हात वर केला.

"तो हात खाली घ्या," साधना म्हणाली. "एक-पन्नासपर्यंत आले, आता नऊ सेकंदासाठी सोडता? घरातलं घरात ठेवा, रस्त्यावरचं रस्त्यावर. चपला न्हाई का आपण दारात काढत?"

एवढ्या सोप्या भाषेत माणिकरावांना दोन जगांतला फरक कुणी सांगितला नव्हता. त्या दिवसापासून ते सराव संपला की उठून तोंड धुवत, आणि मगच मारुतीची किल्ली उचलत.

जानेवारीच्या सहा तारखेला दुपारचा शिकाऊ आला नाही म्हणून माणिकराव सरावाला बसले होते आणि एक-एकोणचाळीस लागत होते. शेवटचं वळण राहिलं होतं. साधना वही टाकून उभी राहिली होती, किसनसिंग दारातून "दाब, दाब!" ओरडत होते, आणि वीज गेली. भारनियमन दोनला सुरू व्हायचं, ते त्या दिवशी दोनला दहा कमी असतानाच झालं. काळ्या पडद्यात माणिकरावांना आपलं तोंड दिसलं. ते तोंड पाहून किसनसिंगही गुपचूप घरी गेले. ती फेरी जगातल्या कुठल्याही नोंदीत नाही. पण ती झाली होती, याला तीन साक्षीदार आहेत.

पुन्हा तसं जमायला पाच दिवस लागले. अकरा तारखेला सकाळी सव्वासहाला माणिकराव पतंगे एक मिनिट चाळीस सेकंदांत घाट उतरले. साधनानं वहीत आकडा लिहिला, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि त्या दिवशी सकाळीच पुरणाला डाळ घातली.

आता रिप्ले पाठवायचा. तेवढं काम राहिलं होतं, आणि ते सोपं होतं. म्हणूनच सगळा घोटाळा त्यातच झाला. फ्लॉपीचा ड्राइव्ह नेमका बिघडला. सीडी करून देणारं यंत्र गावात एकट्या रणजीतकडे. माणिकरावांनी कॉम्प्युटरचा डबा उशीवर ठेवून, पट्टा लावून, मारुतीतून दुसऱ्या गियरमध्ये रणजीतच्या दुकानी नेला. तेवढ्यात दोन शिकाऊ ताटकळत असल्याचा निरोप आला, म्हणून ते घाईघाईनं सांगून निघाले, "दोन फेऱ्या हायेत. बेस्टवाली हिंगोलीच्या साहेबांसाठी. दुसरी सीडी वसमतच्या गाडीनं बालाजीरावांना धाड."

माणिकरावांच्या मनात बेस्ट म्हणजे काय, हे त्यांच्या मारुतीच्या पाठीवर लिहिलेलं होतं. पण तो खेळ त्यांच्या शाळेत शिकलेला नव्हता. सगळ्यात जलद फेरीच्या फाईलला तो आपणहून 'बेस्ट' असं नाव देई. रणजीतनं डबा उघडला, नाव वाचलं, आणि सांगितलं तसं बराबर केलं.

हिंगोलीच्या सभागृहात चारशे माणसं होती. आयटीआयचे विद्यार्थी, ट्रकवाले, रिक्षावाले, पुढच्या रांगेत अधिकारी. रणजीतनं आपला कॉम्प्युटर आणून पडद्याला जोडला होता. साधना नव्या साडीत, शेजारी किसनसिंग पांढऱ्याशुभ्र पागोट्यात. संतराम गुरुजी पडद्याकडे पाठ करून, कागद नाकाजवळ धरून समालोचन वाचायला उभे राहिले. तीन-अकराच्या फेरीसाठी त्यांनी चार पानं लिहून काढली होती.

"आता आपण पाहणार आहोत आदर्श वाहनचालन," गुरुजी म्हणाले. पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली: पतंगे ड्रायव्हिंग स्कूल, कळमनुरी. मग तांबडी गाडी सुटली.

ती ज्या वेगानं सुटली त्यावरून माणिकरावांना पहिल्याच सेकंदाला काय झालं ते कळलं. पण गुरुजींनी पहिलं पान उघडलंच होतं.

"चालक रस्त्याच्या डाव्या कडेने संथपणे जात आहे," गुरुजींनी वाचलं. गाडी उजव्या कठड्याला घासून ठिणग्या उडवत गेली.

"मागून येणाऱ्या वाहनास तो सौजन्याने पुढे जाऊ देतो." तांबड्या गाडीनं एका निळ्या गाडीला ढुशी देऊन गवतात घातलं.

"रेल्वे फाटक! येथे चालक थांबतो. उजवीकडे पाहतो. डावीकडे पाहतो." गाडी रुळांवरून उडाली, चारही चाकं हवेत, आणि खाली आपटून तशीच पुढे. मागच्या रांगेतून शिट्ट्या उठल्या. गुरुजींना वाटलं, मजकूर आवडून राहिला. त्यांनी आवाज चढवला.

"थांबवा!" साहेब उभे राहिले. "ही गाडी कोण चालवतंय?"

खोटं बोलायला वाव होता. कॉम्प्युटर आपोआप चालवतो म्हणालं असतं तर त्या सालात निम्म्या सभागृहानं मान्य केलं असतं. पण एक मिनिट चाळीस सेकंद! दोन महिन्यांची तपश्चर्या कॉम्प्युटरच्या नावावर मांडायची?

"मी, साहेब," माणिकराव उठून म्हणाले.

"तुम्ही ड्रायव्हिंग शिकवता?"

"व्हय साहेब. अठरा वर्षं झाली."

"लायसन आहे?"

माणिकरावांनी खिशातून लायसन काढून वर धरलं. परवान्याचं काय होणार ते त्यांना दिसत होतं. आता लपवून काही राहण्यासारखं नव्हतं, तेव्हा ते बोलून मोकळे झाले. "साहेब, चुकीची सीडी आली. पण फेरी माझीच हाये, अन् मला ती मारताना लई मजा आली, खोटं कशाला बोलू? त्या गाडीत कोणी बसलेलं न्हाई. त्या रस्त्यावर लेकरू न्हाई, शेरडू न्हाई. गाडी दरीत गेली की बटन दाबलं की नवी भेटते. माझ्या मारुतीला तसलं बटन न्हाई, साहेब. म्हणून तिला मी तिसऱ्याच्या वर जाऊ देत न्हाई."

साहेबांनी माईक हातात घेतला. "बसा. तो कॉम्प्युटरवाला कोण आहे, पुन्हा पहिल्यापासून लाव. आणि तुम्ही सगळ्यांनी मोजायचं, या फेरीत वाहतुकीचे किती नियम मोडले. बरोबर आकडा सांगेल त्याला माझ्याकडून हेल्मेट."

असा उत्साह त्या सभागृहानं कुठल्याही भाषणाला दाखवला नसेल. आयटीआयची पोरं म्हणाली चौतीस. ट्रकवाले म्हणाले सदतीस. यावर बाचाबाची झाली, फेरी तिसऱ्यांदा लागली. किसनसिंग उभे राहून म्हणाले, "एकोणचाळीस! माल नसताना भरधाव, तो बी गुन्हाच हाये." चौथ्यांदा लागली. माणिकरावांची सर्वोत्तम फेरी चारशे माणसांनी श्वास रोखून चार वेळा पाहिली, आणि त्यांतल्या एकानंही जांभई दिली नाही. हेल्मेट किसनसिंगांना मिळालं. त्यांनी ते पागोट्यावरच घालून पाहिलं.

शेवटी माणिकरावांना नारळ आणि प्रशस्तिपत्र दिलं. त्यावर 'नियमभंगाचे सविस्तर दर्शन घडवल्याबद्दल' असं लिहून साहेबांनी सही केली आणि म्हणाले, "मार्चमध्ये परवान्याचे कागद घेऊन या. पुढच्या वर्षीही फेरी पाहिजे." खाली उतरताना तो कारकून आडवा आला. "एकोणचाळीस गुन्हे सिद्ध झाले," तो हळूच म्हणाला. "आता तरी गाडीचा नंबर द्या."

घरी आल्यावर माणिकरावांना आठवलं, की सभ्यपणाची ती फेरी वसमतला गेली. म्हणजे बालाजीरावांनी पुन्हा माणसं बोलावून दाखवली असणार, पुन्हा फाटकापाशी हशा पिकला असणार. त्यांनी चार दिवस फोनकडे पाहिलं नाही. पाचव्या दिवशी फोन आला तो मिनाचा.

"दाजी, तुमी धाडलेली फेरी मी पाहिली. पयल्यांदा हसले, खरं सांगते. मंग पुन्हा पाहिली. आमच्या ह्यांनी गाडी बुक केली हाये. पुढच्या आठवड्यात येऊन राहिली. अन् ह्यांना येती फक्त ती, कॉम्प्युटरातली. मी म्हणलं, मी त्या गाडीत पाय ठेवणार न्हाई. आधी दाजींकडं जाऊन शिका, जसं फाटकापाशी थांबतेत तसं."

आणि रविवारी साडेआठला बालाजी खरंच आले. इस्त्रीचा शर्ट, हातात रुमाल, बोलणं जरा कमी. मिना मागच्या सीटवर बसली. बालाजींनी मारुतीचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, एखाद्यानं पुरात झाडाचं खोड धरावं तसं.

पहिल्यांदा गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. दुसऱ्यांदा उडीसुद्धा मारली नाही. तिसऱ्यांदा ती अंगणाच्या फाटकातून अर्धी बाहेर आली आणि रस्त्यात आडवी थांबली. एक बैलगाडी आली, थांबली, वळसा घालून गेली.

माणिकरावांनी या घडीसाठी अडीच महिने वाक्यं जमवली होती. एकेक वाक्य घासून-पुसून ठेवलेलं. 'तुमचा तर हातखंडा हाये' हे एक. 'जतन करू का?' हे त्याहून धारदार. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांची नजर बालाजींच्या पायाकडे गेली. क्लचवरचा पाय लटलट कापत होता. आजवर त्या सीटवर बसलेल्या हजार माणसांचा पाय पहिल्या दिवशी असाच कापला होता.

"असू द्या, साडूभाऊ," ते म्हणाले. "सगळ्यांचीच बंद पडते. क्लच सोडायची घाई करू नका. मी हाये ना इकडून."

बालाजींनी कपाळ पुसलं. मान न वळवता, ओठांतल्या ओठांत त्यांनी विचारलं, "कोणी पाहून तर न्हाई राहिलं?"

माणिकरावांनी आरशात पाहिलं. दारात साधना उभी होती. तिच्या शेजारी हेल्मेट घातलेले किसनसिंग. समोरच्या ओट्यावर संतराम गुरुजी, आणि त्यांच्यामागे गल्लीतली पंधरा-वीस माणसं एकमेकांच्या खांद्यावरून माना काढून.

"न्हाई," माणिकराव म्हणाले. "कोणी न्हाई. चला, टाका पहिला."